मंडळी सापडली का?

हैदराबादच्या विमानतळावरून भाचीचा फोन आला तेव्हा ताईनं तिला दोनच गोष्टी विचारल्या. पीठ नीट बांधलंस का, आणि तिकडं मंडळी कुठं भरते ते बघून ठेवलंस का. पीठ ज्वारीचं होतं, 'परभणी मोती'चं, म्हणजे आमच्याच कृषी विद्यापीठानं काढलेल्या वाणाचं. एकात एक अशा तीन पिशव्यांत बांधलेलं. तिकडच्या कस्टमवाल्याला ही पांढरी पूड बघून काय वाटेल याची मला धास्ती होती, ताईला नव्हती. तिला काळजी मंडळीची.

'मंडळी' हा शब्द जरा उलगडून सांगायला हवा. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत चर्च म्हणजे इमारत, आणि तिच्यात येऊन बसणारी माणसं म्हणजे मंडळी. पौलानं पत्रं लिहिली ती मंडळ्यांना. पंगतीला बसलेले तेही मंडळी, गप्पांना जमलेले तेही मंडळी, आणि जुन्या वळणाचा माणूस बायकोचं नाव न घेता जिचा उल्लेख करतो तीही मंडळीच. 'मी दर रविवारी मंडळीला घेऊन मंडळीत जातो' हे वाक्य मी गेली पस्तीस वर्षं बोलत आलोय, आणि परभणीत अजून एकालाही त्यात काही गंमत वाटलेली नाही.

आमची मंडळी लहान. पाळकांकडं सभासदांचं रजिस्टर आहे, पण ते काही खरं नाही. त्यात बदली होऊन गेलेले आणि देवाघरी गेलेले दोघेही अजून हजर असतात. खरी यादी आमच्या हिच्याकडं आहे. नाताळात कुठल्या घरी किती करंज्या, किती चकल्या पाठवायच्या, याची. ताटं मोजली की जनगणना झाली. दहाची उपासना साडेदहाला सुरू होते, कारण पेटी वाजवणारे रेल्वेत आहेत आणि पूर्णेहून येणारी गाडी कधी येईल हे प्रभूलाच ठाऊक. ढोलकीवाला वेळेवर येतो, पण पेटीशिवाय तो तरी काय करणार. मग बायका 'उपासना संगीत' चाळत बसतात आणि मागच्या रविवारपासून राहिलेलं बोलणं पूर्ण करतात.

भाची अशा मंडळीत वाढलेली. परभणीच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली, लाल कंधारी गायींच्या मागं उन्हातान्हात हिंडली आणि पुढच्या शिक्षणाला एडिंबरोला निघाली. विल्यम डिक नावाच्या गृहस्थानं १८२३ मध्ये तिथं काढलेल्या पशुवैद्यक शाळेत. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' अशी आमच्या गावाची ख्याती. तिचं बनलं.

एडिंबरो म्हटल्यावर मात्र मी उठून बसलो. आमच्या घराण्याचा इतिहास सांभाळणारा मी एकटाच आणि ऐकणारं कुणी नाही, अशी गेली कित्येक वर्षं स्थिती होती. आता आयतंच निमित्त मिळालं. मी तिला बसवून सांगितलं, की बाई, तू परदेशी चाललेली नाहीस, आपल्या आजोळी चाललीस. नारायण शेषाद्री मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ब्राह्मणाचा मुलगा, १८४३ साली बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडं जाऊन राहिला. वडील कोर्टात गेले, कोर्टानं पोर बापाच्या हवाली केलं, आणि त्याला परत जातीत घ्यावं म्हणून खुद्द बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एक भाऊ इकडं, एक तिकडं. नारायणरावांनी पुढं जालन्याजवळ, सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथं आली ती बहुतेक गावकुसाबाहेरची माणसं. आपला पूर्वज त्यांतलाच. आणि ज्या फ्री चर्चनं हे सगळं केलं, ते एडिंबरोत जन्मलं, १८ मे १८४३ रोजी.

"मामा, १८ मे म्हणजे आपल्या कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन," ती म्हणाली.

खरंच की. १८ मे १९७२. एवढी वर्षं दोन्ही तारखा मला पाठ, पण शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. शिकलेल्या पोरींना इतिहास सांगण्यात हा एक धोका असतो.

१८४३ च्या त्या दिवशी एडिंबरोत घडलं ते असं. गावाचा पाळक कोण नेमायचा, तिथल्या जमीनदारानं की मंडळीनं, यावर दहा वर्षं भांडण चाललं होतं. शेवटी जॉर्ज स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये महासभा भरलेली असताना मोठा गट उठला आणि रांगेनं बाहेर पडून कॅननमिल्सच्या एका सभागृहापर्यंत चालत गेला. घर, पगार, इमारत सगळं सोडून चारशेहून जास्त पाळक बाहेर पडले. हिंदुस्थानातले मिशनरीही त्यांच्या बाजूनं गेले. म्हणजे इमारत गेली तरी चालेल पण मंडळी हवी, असं म्हणणारी ही माणसं. "तू फक्त जालन्याचं नाव काढ," मी तिला म्हणालो, "पुष्ट वासरू कापतील."

वासरू राहिलं वासराच्या ठिकाणी. पहिल्या रविवारी ती राहत्या जागेजवळच्या एका चर्चला गेली. दाराशी पाटी: फ्लॅट विकणे आहेत. दुसरं चर्च सापडलं, त्यात गुत्ता निघाला. वेदीच्या जागी बाटल्या, आणि लोक, ती म्हणाली, चांगले दाटीवाटीनं बसलेले. किल्ल्याच्या वाटेवर आभाळात घुसलेला एक काळा कळस दिसला म्हणून ती चढण चढून गेली, तर तिथं आता एडिंबरोच्या आंतरराष्ट्रीय उत्सवाचं ठाणं आणि खाली कॉफीचं दुकान. तिनं कॉफी घेतली. "मामा, तुमच्या आजोळचं घर विकायला काढलंय," असा निरोप आला.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी चालू स्थितीतलं चर्च सापडलं. त्याचं नाव इथं कशाला. अकराला उपासना, म्हणजे अकराला. बाराला संपली. मोठ्या देवळात वीस-पंचवीस वृद्ध, आणि प्रत्येकाच्या मध्ये तीन माणसं मावतील एवढी जागा. परभणीत एवढ्या जागेत आम्ही एक कुटुंब बसवतो. पहिलं गीत सुरू झालं आणि ही दचकली. चाल आपलीच! आजीनं शिकवलेली, ढोलकीवर बसवलेली. मग तिच्या लक्षात आलं, चाल त्यांची होती. आपण ती इतकी वर्षं वापरून मऊ केलेली. तिनं मनातल्या मनात मराठी शब्द म्हटले. दोनदा टाळ्यांची जागा आली, दोनदा हात आवरले.

नंतर चहा. पांढऱ्या केसांच्या एक बाई फार मायेनं जवळ आल्या, हात हातात घेतला, आणि विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?"

आता याला काय सांगावं? पाच पिढ्या मोजायच्या की चहा प्यायचा? तिनं चहा प्यायला. फोनवर सांगताना हसत होती, पण मला त्यातली ठसठस कळली, कारण हाच प्रश्न इथं दुसऱ्या बाजूनं येतो. बँकेत, लग्नात, रेल्वेच्या डब्यात. "तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता!" जन्म परभणीचा, बाप जालन्याचा, मी काय पोर्तुगीज बोलू? तिच्या विद्यापीठात भारतीय पोरांचा एक प्रार्थनागट आहे, तिथंही गेली. माणसं चांगली, बिर्याणी उत्तम. पण तिथं आडनाव ऐकल्यावर एक छोटीशी, अर्ध्या सेकंदाची थांबण पडली. ती थांबण भारतातूनच बरोबर आलेली, पिठासारखीच नीट बांधून. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

त्या आठवड्यात ताई दोनदा येऊन गेली. "सापडली का मंडळी?" हा प्रश्न ती आता मला विचारू लागली होती, जणू मीच कुठं ठेवून विसरलोय.

मी भाचीला पंडिता रमाबाईंबद्दल लिहून पाठवलं. आमच्या घरात कुणाला काही दुखलं की मी इतिहास देतो. बाकीचे काढा देतात. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टरी शिकायला. वय पंचवीस, बरोबर दोन वर्षांची मनोरमा. कानानं कमी ऐकू येत होतं म्हणून डॉक्टरी हुकली. वाँटेजच्या मठात, सिस्टर मंडळींच्या घरी राहिल्या, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला बाप्तिस्मा घेतला. म्हणजे परदेशी शिकायला जाऊन मंडळी सापडण्याचं आपल्याकडचं हे सगळ्यांत गाजलेलं उदाहरण. टिळकांच्या पुण्यात काय वादळ झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वाँटेजमध्ये पुढं काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही.

पुढं झालं ते असं, की मंडळी सापडली आणि भांडण सुरू झालं. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांत 'आजीबाई' म्हणायच्या, अगदी आपला मराठी शब्द, इंग्रजी पत्रात. आणि त्याच आजीबाईंशी पत्रोपत्री हुज्जत. मांस-अंडी खाणार नाही म्हणजे नाही. आजीबाईंना त्यात जातीचा ताठा दिसला, रमाबाईंना आपलं ताट आपलं वाटलं. क्रूसावर लॅटिन अक्षरं कोरलेली, तर रमाबाई म्हणाल्या, आमच्या बायकांना लॅटिन कोण सांगणार, त्यापेक्षा संस्कृत बरं. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यात बिशप पडले, तेव्हा बिशपांनाही ऐकवलं. मी ख्रिस्ती झाले याचा अर्थ धर्मगुरूच्या तोंडून निघेल ते सगळं मानेन असा नव्हे, हा त्यांचा सूर. त्या वयात, परक्या देशात, त्यांच्याच घरात राहून! इंग्लंडमधल्या पंथांचा बाजार पाहून आपण चक्रावून गेलो, हे त्यांनी पुढं लिहून ठेवलं आहे. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ बघायला. पण आजीबाईंशी पत्रव्यवहार तुटला नाही. भांडायला माणूस आहे म्हणजे मंडळी आहे, असं मी भाचीला लिहिलं.

"म्हणजे मी चहाच्या वेळी भांडायला पाहिजे होतं का?" असं उत्तर आलं.

आता डिसेंबरकडं दिवस झुकले होते. साडेतीनला अंधार. एका रविवारी ती चर्चचा नाद सोडून संग्रहालयात गेली. तिथं काचेच्या पेटीत डॉली आहे. डॉली म्हणजे १९९६ साली एडिंबरोजवळच्या रोझलिन संस्थेत एका मेंढीच्या पेशीपासून जशीच्या तशी बनवलेली मेंढी. पशुवैद्याला ही पंढरीच. काचेत ती सावकाश फिरत राहते. भाची म्हणाली, मामा, लहानपणापासून ऐकतेय की मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून हरवलेलं एक शोधायला जातो. इथले म्हणतात, जायचं कशाला, दुसरं बनवू.

मेंढी बघून ती बाहेर पडली. समोरच रस्त्याच्या वळणावर एक छोटा कुत्रा आहे, ब्राँझचा. ग्रेफ्रायर्स बॉबी. मालक वारल्यावर चौदा वर्षं त्याच्या थडग्याजवळ बसून राहिला म्हणतात. येणारा-जाणारा पर्यटक त्याचं नाक घासतो, ते घासून घासून सोन्यासारखं पिवळं झालंय. नका घासू अशी विनंती असते आणि लोक ती वाचून घासतात. महादेवाच्या नंदीची शिंगं अशीच गुळगुळीत झालेली असतात. हिनं घासलं नाही, डॉक्टर आहे ना. पण कुत्र्याच्या मागच्या ग्रेफ्रायर्स चर्चच्या दाराशी कुणी तरी उभं होतं आणि आत दिवा होता. थंडी होती. ती आत शिरली.

आत थोडीच माणसं होती. गाणं चालू झालं आणि तिला एकही शब्द कळेना. इंग्रजी नव्हतं ते. एक म्हातारा उठून एकटाच ओळ काढायचा, पेटी नाही, ऑर्गन नाही, आणि मग बाकीचे ती ओळ उचलून ओढत न्यायचे. एकसुरात नव्हे, प्रत्येक जण आपापल्या वळणानं, कुणी पुढं, कुणी मागं, मध्येच हरकती घेत. लाटेसारखं. मला सांगताना ती थांबली आणि म्हणाली, "मामा, गंगाखेडला जनाबाईच्या देवळात एकादशीला म्हातारे अभंग म्हणतात ना, बुवा एक चरण काढतो आणि मागचे धरतात, तसं. अगदी तसं."

गेलिक भाषेतली उपासना होती ती. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आणि पश्चिमेच्या बेटांवरून पोटासाठी शहरात आलेल्या लोकांची भाषा. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे ५७ हजारांच्या आसपास भरले. आपल्या एका मोठ्या तालुकागावाएवढे! शहरात इंग्रजीत देव हवा तेवढा मिळतो, पण यांना तो घरच्या बोलीत हवा, म्हणून ही माणसं रविवारी दुपारी जमतात. जनाबाई तरी काय, गंगाखेडची पोर, लहानपणी घर सुटलं, पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला राहिली, आणि तिची जी मंडळी झाली ती जात्याशी आणि शेणगोळ्यांशी. आणि उलटी वाट चाललेला फादर स्टीफन्स. इंग्लंडातला माणूस, १५७९ साली गोव्यात उतरला, आणि १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून आलं ते मराठी ओवीत. हा माणूस मराठीच्या पायी जितका वेडा झाला तितके आम्ही परभणीकर अजून झालेलो नाही.

पण माझं विषयांतर राहू द्या. उपासना संपली. थर्मासमधला चहा आला, दूध भरपूर. एक आजी हिच्याजवळ येऊन बसल्या. मधली तीन माणसांची जागा न सोडता, खेटून. बेटावरच्या. गुडघे दुखतात, कान जड. त्यांनी बिस्किट पुढं केलं, कुठून आलीस विचारलं, काय शिकतेस विचारलं. गुरांची डॉक्टर म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या बापाची मेंढरं होती. मेंढीच्या खुराचा रोग, त्यावर बाप काय लावायचा, यावर वीस मिनिटं गेली. ख्रिस्ती कधी झालीस हा प्रश्न त्यांना सुचलाच नाही. खूर महत्त्वाचा होता. मग म्हणाल्या, आमच्या बेटावर नवं पोर दिसलं की त्याला नाव नाही विचारत. विचारतात, "को लेश ऊ?"

"म्हणजे?"

म्हणजे, तू कुणाची?

भाची म्हणते, तिथं तिला रडू आलं आणि तिनं ते बिस्किटावर ढकललं. आमच्या मंडळीत नवं लेकरू दाराशी दिसलं, की पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या मान वळवतात आणि विचारतात, "कुणाची गं तू?" नाव मग. जात तर नाहीच. ती विचारायची वेळ येऊ नये म्हणूनच पणज्यानं एवढा उपद्व्याप केला. बापाचं नाव सांग, आजीचं सांग, जालन्याची का नगरची ते सांग; म्हातारी डोळे मिटून मनात धागा ओढते, तुझी मावशी माझ्या नणंदेच्या वर्गात होती इथवर येते, आणि मग सरकून जागा देते.

त्या रात्री ताईला फोन आला. मंडळी सापडली. भाषा कोणती, चाल कोणती, पंथ कोणता, ताईनं काही विचारलं नाही. "किती घरं आहेत?" एवढंच. आणि नाताळासाठी करंजीच्या सारणाचं प्रमाण. ओलं खोबरं मिळत नाही, सुकं आहे, रवा जाड आहे, तर काय करू. आमच्या हिनं फोन ओढून घेतला आणि अर्धा तास त्या रव्यावर घालवला. यादीत एडिंबरोचं एक ताट चढलं.

गेल्या रविवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल आला. तिकडं दुपारचा दीड. भाचीच्या शेजारी त्या आजी, डोक्यावर लोकरी टोपी, हातात अर्धी करंजी. दुसरी अर्धी कुठं गेली ते गालांवर दिसत होतं. आजी पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की मला फक्त एक डोळा आणि टोपीची कड दिसायला लागली.

"को लेश ऊ?" त्यांनी विचारलं. मला.

मी उठून उभा राहिलो. का ते माहीत नाही. बापाचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, पणजोबा जालन्याला मिशनच्या शाळेची घंटा वाजवायचे ते सांगितलं, बेथेलपर्यंत पोचलो आणि आता एडिंबरोचे उपकार मांडणार, तेवढ्यात भाची हळूच म्हणाली, "मामा, दम खा. मला हे गेलिकमध्ये सांगता येत नाही."

आतून चुलीपाशी उभ्या असलेल्या आमच्या मंडळीचा आवाज आला, "स्वतःचंच काय सांगत बसलात. त्या कुणाच्या ते विचारा की!"

मी विचारलं. आजींनी उरलेली करंजी खाली ठेवली, टोपी सारखी केली, श्वास घेतला आणि सुरू केलं. अमक्याची लेक, तमक्याची नात. ही दारातून ऐकत राहिली आणि इकडं तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा आजी बापाच्या बाजूच्या तिसऱ्या पिढीपर्यंत आल्या होत्या.